लिपस्टिकवरचा ससा : भंडारा जिल्ह्यातील पालकांसाठी मार्गदर्शिका

घरातली पोरगी चौदा-पंधराची झाली आणि जेवता जेवता तिने ‘मला क्रुएल्टी-फ्री मेकअप पाहिजे’ असं जाहीर केलं, तर पालकांनी वरणभात तसाच खात राहावा. घाबरू नये. ‘क्रुएल्टी तर आम्ही सोसतो, वर्षाची फी भरून’ असले विनोद करू नयेत. तिने ते आधीच ऐकलेले असतात आणि त्यामुळे लिपस्टिकची किंमत कमी होत नाही.

क्रुएल्टी-फ्री म्हणजे प्राण्यांवर चाचणी न केलेलं. आधी कायदा पाठ करावा. मे २०१४ मध्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीत १४८-सी हा नियम आला आणि सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला देशात बंदी झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून बाहेरदेशी तशी चाचणी झालेला माल आणायलाही मनाई झाली. म्हणजे पोरगी अगदी लहान होती तेव्हाच सरकारने तिची मागणी मान्य करून ठेवली. आपल्या जिल्ह्यात हे नवल आहे. गोसेखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली राजीव गांधींच्या हस्ते झाली, आणि त्याच्या कालव्यांच्या बातम्या आपण अजून वाचतो आहोत.

तरीही ‘कायदा आहे, कोणतीही घे’ असं म्हणून सुटका होत नाही. पोरगी विचारेल, ‘बाबा, पण ती कंपनी दुसऱ्या देशात काय करते?’ प्रश्न रास्त आहे. चीनमध्ये आयात केलेल्या साध्या सौंदर्यप्रसाधनांनाही २०२१ पर्यंत प्राण्यांवरची चाचणी सक्तीची होती. त्यामुळे इथे सोज्वळ असलेली कंपनी तिथे काय करत होती, हे डबीवर लिहिलेलं नसतं. त्यासाठी ससा शोधावा लागतो.

सशाची पार्श्वभूमी पालकांना माहीत असलेली बरी. १९४४ साली अमेरिकेत जॉन ड्रेझ या सरकारी शास्त्रज्ञाने एक चाचणी बसवली. पांढऱ्या सशाच्या डोळ्यात पदार्थ घालायचा आणि डोळा किती बिघडतो ते दिवसेंदिवस टिपून ठेवायचं. सशाच्या डोळ्यांना पाणी कमी येतं, म्हणून पदार्थ वाहून जात नाही. निवडीमागचं हे कारण वाचल्यावर थोडा वेळ विनोद सुचत नाही. याच्याविरुद्ध मोहीम करणाऱ्या लोकांनी १९९६ मध्ये उडी मारणाऱ्या सशाचं चिन्ह काढलं. कंपनी आणि तिला कच्चा माल पुरवणारे, कोणीही चाचणी करत नाही, असा त्याचा अर्थ. कंपन्या मात्र हौसेने स्वतःचे ससेही काढून घेतात. ज्या सशामागे कोणत्या संस्थेचं नाव नाही, तो नुसता ससा समजावा.

आता बाजारात जावं. गांधी चौकाच्या आसपास दुकानं आहेत. दुकानदाराशी साधारण असा संवाद होतो.

‘भाऊ, सशावाली लिपस्टिक आहे का?’

‘ससा तर नाही राहिला जी. हिरवा ठिपका चालते का?’

इथे घाईने ‘चालते’ म्हणू नये. हिरवा ठिपका डबीत काय घातलं ते सांगतो, ससा चाचणी झाली का ते सांगतो. दोघांची ओळख नाही. सशावाल्या लाल लिपस्टिकमध्येही कार्माइन असू शकतं. ते निवडुंगावरचे किडे वाळवून, कुटून काढलेला रंग. घटकांच्या यादीत तो ‘सीआय ७५४७०’ या नावाने बसलेला असतो. सशाला धक्का नाही, किडे मात्र कामी आले. पोरीला दोन्ही चालत नसतील तर ‘व्हीगन’ हा तिसरा शब्दही शोधावा लागेल, आणि मग खुशाल नागपूरची बस धरावी. बाजारात ‘सेम टू सेम’ म्हणून मिळणारी नक्कल घेऊ नये. तिच्यावर सगळेच ठिपके आणि सगळेच ससे असतात. परवाना क्रमांक तेवढा नसतो.

घरी आल्यावर चाचणी. ससा सुटला म्हणून चाचणी सुटत नाही. थोडी क्रीम कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबावं. खाज, लाली, पुरळ आलं तर डबी परत. काही प्रेमळ बाप यासाठी स्वतःचा हात पुढे करतात. त्याचा उपयोग नाही, कारण कातडी जिची तिची वेगळी. पोरीने स्वतःच ससा व्हावं.

या टप्प्यावर आजी बोलते. ‘काऊन बाप्पा एवढा खर्च? आम्ही कुंकवाखाली मेण लावत होतो. कोणत्या मधमाशीनं तक्रार नाही केली.’ आजीला मध्ये पडू द्यावं, पण फार वेळ नाही. कारण इथून विषय घरातल्या वस्तूंकडे वळतो, आणि ही मार्गदर्शिका लिहिण्याचं खरं कारण तेच आहे.

पुण्यात १९७४ पासून ‘ब्यूटी विदाउट क्रुएल्टी’ ही संस्था काम करते. पोरीला तिचा पत्ता लागला की ती लिपस्टिकवर थांबणार नाही, कारण ती संस्थाही थांबत नाही. ती रेशमालाही धरते. आता भंडाऱ्याच्या माणसाने रेशमावर काय बोलावं? आपल्या जंगलात ऐनाच्या झाडांवर कोसा रेशमाच्या अळ्या वाढतात. ढिवर बांधव पाखरांपासून, मुंग्यांपासून त्या राखतात. आंधळगावला मागावर लुगडी विणली जातात. मधला भाग मात्र आपण पाहुण्यांना सांगत नाही. कोष फोडून पाखरू बाहेर आलं तर धागा अखंड निघत नाही. म्हणून आधी उन्हात किंवा वाफेवर आतला जीव मारायचा, मग कोष उकळायचा. आणि अशा रीतीने तयार झालेलं वस्त्र सोवळ्यात सर्वांत शुद्ध. बरं, या धाग्यावर कितीतरी घरांची चूल पेटते, त्यामुळे ‘बंद करा’ म्हणायला ना माझी जीभ वळते ना कोण्या शहाण्याची वळावी.

लाखेचंही तसंच. १९९९ पर्यंत गोंदिया आपल्याच जिल्ह्यात होतं, आणि तिकडचा लाखेचा धंदा जुना. पळसावर, कुसुमावर, बोरीवर बसणाऱ्या किड्याची ती लाख. बांगडीत असते आणि ‘शेलॅक’ नावाने काही नेलपॉलिशमध्येही असते.

तेव्हा पालकांनी एकच दक्षता घ्यावी. घरच्या लग्नात पोरगी सशावाली लिपस्टिक लावून उभी असताना आईच्या कोसाच्या लुगड्याला हात लावून ‘आई, हे कसं बनते?’ असं विचारू शकते. अशा वेळी बाजूच्या पाहुण्याकडे वळून धानाचा बोनस कधी जमा होणार ते विचारावं. हा विषय जिल्ह्यात कोणत्याही मांडवात पंगत उठेपर्यंत पुरतो.