नात्यांची शिकवणी

सिडकोने 1970 पासून खाडीपलीकडील भातखाचरांवर आणि मिठागरांवर जे नगर उभे केले, त्याच्या नियोजनकर्त्यांनी गटारांपासून गुलमोहरांपर्यंत प्रत्येक वस्तूस स्थान आणि प्रत्येक वस्तीस क्रमांक नेमून दिला असला, तरी चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींनी परस्परांशी चार शब्द बोलावे कोठे, हा रकाना मात्र त्यांच्या नकाशात कोराच राहून गेला. आणि त्यामुळे वाशीच्या मिनी सीशोअरवर बसलेल्या कोणत्याही जोडीस, मग तिच्या संभाषणाचा विषय त्रिकोणमिती का असेना, सायंफेरीस निघालेल्या निवृत्त मंडळींच्या तपासणीस तोंड द्यावे लागते. त्या तपासणी पथकाचा मी जुना सभासद आहे.

अशा या शहरात माझ्या नातीच्या शाळेने नववीच्या वर्गासाठी निरोगी नातेसंबंधांचे तास दर शनिवारी संध्याकाळी ऑनलाइन घेण्याचे ठरवले. 2020 च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने आयुष्मान भारत योजनेखाली शालेय आरोग्याचा जो अभ्यासक्रम जाहीर केला, त्याच्या अकरा विषयांत परस्परसंबंध, लिंगसमभाव आणि इंटरनेटचा सुरक्षित वापर यांनाही मानाचे पान मिळाले होते; पण पुढच्याच महिन्यात शाळांना टाळे लागले आणि सगळे शिक्षण पडद्यावर गेले. टाळे निघाल्यावर बाकीचे विषय वर्गात परतले, हा एक परतला नाही. कारण उघड आहे. प्रत्यक्ष वर्गात तो शिकवताना शिक्षकांस फळ्याशी आणि विद्यार्थ्यांस बाकाशी नजर लावून बसावे लागते. पडद्यावर कॅमेरा बंद केला की उभयपक्षी अब्रू शाबूत राहते.

या व्यवस्थेत विद्यार्थ्यास पूर्ण एकांत मिळतो, असे शाळेच्या परिपत्रकात म्हटले होते. ते लिहिणाऱ्या गृहस्थांनी सिडकोची दोन खोल्यांची सदनिका आतून पाहिली नसावी. आमच्या घरी वायफाय जेवणाच्या टेबलावरच काय ते धड चालते आणि नातीच्या हेडफोनचा कारभार तिच्या धाकट्या भावाने पूर्वीच आटोपला आहे. सबब ‘वैयक्तिक अवकाश आणि त्याचा आदर’ या प्रकरणाचे श्रवण आजी, आजोबा, आई, बाबा, पोळ्यांच्या बाई आणि इस्त्रीचे कपडे घेऊन दारात आलेला इसम अशा सर्वांनी अत्यंत आदरपूर्वक केले.

आमच्या पिढीचे या विषयातील शिक्षण पत्रिकेवर भागत असे. 36 पैकी 18 गुण जमले की उमेदवार उत्तीर्ण, आणि कांदेपोह्यांच्या बशीआडून एकमेकांस एकवार पाहणे ही तोंडी परीक्षा. ज्यांनी याहून अधिक सांगू पाहिले त्यांची काय गत झाली, हे दप्तरी नमूद आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1927 पासून 1953 पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक पदरमोड करून चालवले, वाचकांच्या खासगी शंकांना सरळ उत्तरे दिली, आणि त्या उत्तरांपायी 1934 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. वकीलपत्र साक्षात डॉ. आंबेडकरांनी घेऊनही तो खटला कर्वे हरले. माझ्या वडिलांकडे या मासिकाचे दोन अंक होते आणि ते कपाटात ज्ञानेश्वरीच्या मागे असत, त्यामुळे आम्हा भावंडांना ज्ञानेश्वरीची ओढ फार लवकर लागली. पुढे किशोरवयीनांच्या शिक्षणाचा कार्यक्रम शाळांत आला, तेव्हा 2007 साली आपल्या राज्याने त्यास मनाईहुकूम बजावला. न्यायालयाने दंडिलेला आणि सरकारने अडवलेला हा विषय अखेर आमच्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीला टेकलेल्या लॅपटॉपवर येऊन विसावला, याचे मला मोठे नवल वाटते.

खरा पेच संमतीच्या प्रकरणाने उभा केला. समोरची व्यक्ती एकदा ‘नको’ म्हणाली की विषय संपला, तिला पुन्हा विचारू नये, गळ घालू नये, असे बाईंनी शनिवारी सांगितले, आणि रविवारी आमच्याकडे पुरणपोळी होती. ज्या समाजात पाहुण्याचा पहिला नकार हा केवळ शिष्टाचार, दुसरा विनय आणि ताटावर दोन्ही हात आडवे धरून केलेला तिसरा नकार म्हणजे अर्धी वाढा असा इशारा समजला जातो, त्या समाजातील एका सुगृहिणीने तिसरी पोळी पुढे केली असता, नात शांतपणे म्हणाली, “आजी, मी नको म्हटलंय. तू माझ्यावर दबाव आणते आहेस.” पोळी हवेतच थांबली. चाळीस वर्षे पंगती वाढलेल्या हातावर असा आरोप प्रथमच आला होता. मीही प्रसंग साधून माझी दुसरी पोळी नाकारली, तेव्हा “तुम्हांला विचारलंय कोणी?” असा खुलासा मिळाला; हे प्रकरण अठरा वर्षांखालील नागरिकांसच लागू आहे असे दिसते.

मात्र त्या दिवसापासून आजीचे शनिवारच्या तासाकडे बारीक लक्ष लागले. तासाच्या अखेरीस विद्यार्थ्यांनी नाव न देता शंका लिहून पाठवायची असते. नात पाणी प्यायला उठली असता आजीने चष्मा चढवून, एका बोटाने, निगुतीने पुढील मजकूर टंकित केला : ‘माझा एक जुना मित्र आहे. मी बोलत असताना तो मान वर करत नाही, नुसता हं हं म्हणतो, आणि मागाहून, तू मला सांगितलंच नाहीस म्हणतो. काय करावे?’

बाईंनी तो मोठ्याने वाचला आणि जिव्हाळ्याने उत्तर दिले, “जिने कोणी हे विचारलंय, तिला सांगते, बाळा, तुझं वय लहान आहे, पुढे सगळं आयुष्य पडलंय. त्या मुलाशी एकदा स्पष्ट बोल. एक संधी दे. नाहीच सुधारला, तर खुशाल दुसरे मित्र जोड.”

आजीने माझ्याकडे पाहिले. संधी मंजूर झाली आहे. मुदत तूर्त संकष्टीपर्यंत.