आजोळच्या वळणावर

पिकल्या केळ्याभोवती घिरट्या घालणाऱ्या चिलटालाही वंशवृक्ष असतो, हे पटायला जरा जड जातं. अंड्यापासून उडत्या माशीपर्यंतचा त्याचा सगळा प्रवास उबदार हवेत दहा-बारा दिवसांत उरकतो. आपल्याकडे बाराव्या दिवशी बाळाला पाळण्यात घालून नाव ठेवतात. तोवर चिलटाचं बाळ बोहल्यावर उभं!

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन दुधाच्या बाटल्यांमध्ये असे हजारो संसार सांभाळत असत. मेंडेलच्या आनुवंशिकतेच्या हिशेबावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. १९१० साली लाल डोळ्यांच्या त्या गोतावळ्यात पांढऱ्या डोळ्यांचा एक नर निपजला. लाल डोळ्यांच्या मादीशी त्याची सोयरीक जुळवली, तर १,२४० मुलांपैकी तीन चुकार नर वगळता सारी लाल. बापाची खूणच पुसली गेली म्हणावं, तर पुढच्या पिढीत २,४५९ लाल माद्या, १,०११ लाल नर आणि ७८२ पांढऱ्या डोळ्यांचे नातू! नात मात्र तशी एकही नाही. आजोबांचं एकुलतं एक्स गुणसूत्र फक्त लेकींना मिळतं. तिथे आईकडून आलेल्या लाल गुणाच्या आड ते मुकाट राहतं आणि लेकीच्या निम्म्या मुलग्यांत उघड होतं. बारशाला जमलेल्या आत्याबाई बाळाकडे बघून, ‘आजोळच्या वळणावर गेलाय हो,’ असं जरा नाराजीनेच म्हणतात, तेव्हा त्या नकळत मॉर्गनचाच निष्कर्ष सांगत असतात. फरक इतकाच, की त्या एका बाळाबद्दल छातीठोक बोलतात. आनुवंशशास्त्र एका माशीबद्दल कधीच बोलत नाही, ते फक्त गर्दीचं भविष्य सांगतं.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्हीही ही गर्दी मोजली आहे. ईथरने गुंगलेल्या माश्या पांढऱ्या फरशीवर पसरायच्या आणि बारीक कुंचल्याने, झोपल्या लेकराच्या कपाळावरची बट सारावी तशा, अलगद बाजूला करायच्या. ईथर जास्त झालं, तर पंख अंगापासून दूर ताठ उभे राहत. ती माशी मग उठत नसे, वहीत मात्र तिची नोंद होई. संकरासाठी माद्या कुमारिकाच हव्यात, म्हणून कोशातून बाहेर आल्यावर आठ तासांच्या आत त्यांना वेगळं काढायचं. इतकी कडक शिस्त वसतिगृहाच्या रेक्टरबाईंनाही जमली नव्हती.

कागदावर चौकोन आखले, की पांढऱ्या नातवांचा वाटा चौथा हिस्सा येतो, म्हणजे १,०६३. मॉर्गनना मिळाले ७८२. गणित चुकलं नव्हतं. पांढऱ्या डोळ्यांची पोरं मुळातच नाजूक, त्यातली बरीच मोजणीपर्यंत पोचतच नाहीत. चौकोनात जागा राखलेली असते, जन्माला यायचंच राहून जातं.

आणि नातींचं म्हणाल, तर त्यांच्यावर कायमची बंदी नव्हती. मॉर्गननी त्याच पांढऱ्या नराचा त्याच्या लेकींशी संकर केला (माश्यांत याचा बभ्रा होत नाही), तेव्हा पांढऱ्या डोळ्यांचे ८६ नर झाले, आणि तशाच डोळ्यांच्या माद्या ८८.