गाडी पोराची, पसंती मामांची

खान्देशात पहिली मोटारसायकल पोरगा निवडत नाही, सगळे भाऊबंद मिळून निवडतात. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, मुहूर्तावर गाडी दारात हवी, म्हणून आधीपासूनच ओट्यावर बैठक बसते. आजोबा स्प्लेंडरवर ठाम: १०० सीसीच्या आत, पेट्रोलला काटकसरी, मेकॅनिक गल्लोगल्ली. मामांना मात्र बुलेटच हवी. ३५० सीसी, वजन २०० किलोच्या घरात. चालवणार भाचा, पण रुबाब मामांच्या गावात दिसला पाहिजे ना! काकांचा एकच प्रश्न, ‘विकायला काढली तर किती येतील?’ अजून घ्यायचीच आहे.

मग शोरूम. पोराचे पाय जेमतेम टेकतात, स्टँडवरून उतरवताना गाडी कलते, सेल्समन हसत हसत हँडल धरतो. मामांकडे उत्तर तयार, ‘वाढेल अजून तो.’ एबीएस म्हणजे काय, हे कोणी विचारत नाही; एमएच १९ च्या पुढे ‘दादा’ वाचता येईल असा नंबर मिळेल का, हे मात्र तीनदा विचारलं जातं. धुळेकर एमएच १८ वर हाच हट्ट धरतात. जळगाव-धुळ्याचं एवढ्या बाबतीत तरी एकमत आहे.

लायसन्सचं ‘नंतर बघू’. गिअरच्या गाडीला वयाची १८ वर्षं पूर्ण लागतात. त्याआधी पोराने चालवताना गुन्हा केला, तर मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला किंवा गाडीच्या मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड आहे. त्या कलमात मामांचा उल्लेख नाही.