बेरजेत नापास

सी.ए.च्या परीक्षेत माणूस दोन तऱ्हांनी नापास होऊ शकतो. पहिली तऱ्हा सरळ, कोणालाही समजेल अशी: एखाद्या पेपरात चाळिसाच्या खाली घसरायचे. दुसरी जरा तत्त्वज्ञानाच्या अंगाने जाते. ग्रुपमधल्या तिन्ही पेपरांत चाळिशी ओलांडायची, आणि तीनशेपैकी दीडशे मात्र भरू द्यायचे नाहीत. माझ्या पुतणीला फायनलच्या पहिल्या ग्रुपला 46, 44 आणि 52 गुण मिळाले. म्हणजे सगळीकडे पास, आणि तरी नापास. माझ्या आईने हे आकडे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मंग बाय, नापास कशात झालीस?” पुतणी म्हणाली, “बेरजेत, आजी.” आई बराच वेळ काही बोलली नाही. जन्मभर तांदूळ, नाती आणि अलीकडे औषधाच्या गोळ्या मोजत आलेल्या त्या बाईला बेरीज चुकणे नवे नव्हते. त्यासाठी फी भरून डोंबिवलीपर्यंत जावे लागते, एवढेच नवे होते.

शहापुरात राहणाऱ्याला खरे तर हा नियम लहानपणीच कळायला हवा. आमच्या तालुक्याची गुणपत्रिका काढून पाहा. पाऊस उत्तम. माहुलीचा किल्ला अतिउत्तम. 1892 साली पुरे झालेले तानसा धरण इथलेच, भातसाही इथलेच, आणि मुंबईला मिळणाऱ्या पाण्यातले जवळजवळ निम्मे एकटी भातसा देते. तरी एप्रिल उजाडला की याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट बघत हंडे रांगेत बसतात. विषयवार पाहिले तर सगळीकडे पहिला वर्ग, अग्रिगेट गेले. हे मी पुतणीला मोठ्या कौतुकाने ऐकवले. ती हसली नाही. “कॉस्ट ॲलोकेशन चुकलंय, काका,” म्हणाली आणि पुन्हा पुस्तकात शिरली.

पहिल्या अभ्यासात महत्त्वाकांक्षा असते, दुसऱ्यात ओळख. नव्या कोऱ्या पुस्तकाशी माणूस अदबीने वागतो. वाचून, रेघा मारून आणि वर त्यातच नापास होऊन परत उघडलेल्या पुस्तकाशी त्याचे नाते जुन्या भाडेकरूसारखे असते, घरमालकाला टाळता येत नाही आणि घरही सोडवत नाही. तिच्या ऑडिटच्या पुस्तकात वासिंद आणि टिटवाळा यांच्या दरम्यान कुठेतरी सांडलेल्या चहाचा डाग आहे. आर्टिकलशिपला आसनगावहून ठाण्याला जाताना, दाराशी उभे राहून तिने ते वाचले होते. समासात तिच्याच अक्षरात तीनदा अधोरेखित केलेले ‘महत्त्वाचे’ आहे, पण का महत्त्वाचे, ते तेव्हाच्या मुलीने आताच्या मुलीला लिहून ठेवलेले नाही. ती त्या पानाकडे अशी बघते, की जणू धाकट्या बहिणीचा निष्काळजीपणा सापडला आहे.

पूर्वी ही परीक्षा मे आणि नोव्हेंबरात असे. 2025 पासून फायनलही वर्षातून तीनदा होऊ लागली: जानेवारी, मे, सप्टेंबर. तारखा ठरवणाऱ्यांनी समोर आमचे पंचांग ठेवले असावे, अशी मला दाट शंका आहे. मे म्हणजे लग्नसराई. सप्टेंबर म्हणजे बहुधा गणपती. आणि जानेवारीच्या आसपास, पौष पौर्णिमेला, मुरबाड तालुक्यात म्हशाची जत्रा. तिकडे दिलेल्या माझ्या बहिणीच्या मते, बैलबाजार आणि घोंगड्यांची दुकाने न बघता जानेवारी गेला तर वर्ष नीट सुरूच होत नाही. ती सरळगाव, किन्हवली करत एस.टी.ने येते, तांदळाचे गाठोडे ठेवते, भाचीच्या डोक्यावरून हात फिरवते आणि विचारते, “अजून तीच परीक्षा?” प्रश्नात टोचणी नसते. म्हशाची जत्रा दरवर्षी तीच असते, आणि त्याबद्दल कोणी तिला नावे ठेवत नाही.

2024 च्या जुलैत डोंबिवलीत भाजी विकणाऱ्या एका आईला तिचा मुलगा सी.ए. झाल्याचे कळले, आणि तिने त्याला मारलेली मिठी साऱ्या महाराष्ट्राने मोबाइलवर पाहिली. आमच्या घरी ती सतरा नातेवाइकांकडून आली. प्रत्येकाला वाटले की धीर आपणच पहिल्यांदा देतो आहोत. पुतणीने तो व्हिडिओ दर वेळी पूर्ण पाहिला आणि दर वेळी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायली.

सी.ए. इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे 1949 साली कायद्याने जन्मलेल्या त्या संस्थेच्या, बोधचिन्हावर गरुड आहे आणि कठोपनिषदातले एक वचन आहे. सारे झोपलेले असताना जो जागा असतो, त्याच्याविषयीचे. वचन थोर आहे, पण आमच्या घरात ते लागू पडायला आधी कोणी झोपायला हवे. भाऊ आवाज बंद करून क्रिकेट बघतो आणि विकेट पडली की उशीत तोंड खुपसून ओरडतो. वहिनी पहाटे कुकरला शिट्टी येण्याआधीच गॅस बंद करते, त्यामुळे आम्ही सध्या टचटचीत डाळ खातो. मी कधी नव्हे तो अंगणात जाऊन शिंकतो. आईने तर जपही पेपरवार वाटला होता: 44 वाल्याला जास्त, 52 वाल्याला जेमतेम. मग एका रात्री तिला नियम नीट उमगला. “बेरीजच वाढवायची ना? मंग जिथं सोपं पडंल तिथंच टाकते की.” पुतणी पहिल्यांदाच मनापासून हसली. क्लासचे सरही हेच सांगतात, पण त्यांना त्यासाठी दोन तासांचे लेक्चर लागते.

या घरात एकेकटा तपासला तर आमच्यापैकी कोणी पन्नासापर्यंत पोहोचेल असे वाटत नाही. भाऊ चिडका, वहिनी हट्टी, मी निरुपयोगी, आईला ऐकू कमी येते. पण अर्धकच्च्या डाळीच्या ताटाभोवती आम्ही सारे बसतो, तेव्हा आमचे दीडशे कसे कोण जाणे, आरामात भरतात. सी.ए.च्या नियमात याला कुठेच जागा नाही. असती, तर पुतणी मागच्याच खेपेला पास झाली असती, आणि आम्हाला मऊ डाळ मिळाली असती.