तिसऱ्या वर्गाचे सरदार

पेशवाईत सरदार म्हणविणाऱ्यास पदरी पागा बाळगावी लागे, हुकूम येताच स्वारीस निघावे लागे आणि सरंजामाचा हिशेब दफ्तरी समजवावा लागे. पुढे इंग्रज सरकारने घोड्यांचा व तलवारींचा हा व्याप त्यांच्या डोक्यावरून उतरवून नुसती सरदारकी तेवढी राहू दिली, तिचे पहिला, दुसरा व तिसरा असे वर्ग पाडले आणि या मंडळींचे मानपान व दावे पाहण्यास पुण्यात एक स्वतंत्र एजंट नेमला. आमच्या पेठेतील सरदारसाहेब हे या तिसऱ्या वर्गाचे वारस. तथापि आगगाडीतही तोच वर्ग आपल्या नशिबी येऊ नये म्हणून ते निकराने दुसऱ्या वर्गाचे तिकीट काढीत.

1953 साली इनामे खालसा झाली, 1957 च्या एप्रिलात कूळकायद्याने उरलीसुरली जमीन कुळांच्या नावे चढली, आणि सरदारसाहेबांपाशी वाडा तेवढा उरला. त्यात बिऱ्हाडे भरलेली, आणि भाडे कायद्याने 1940 सालच्या दराशी जखडलेले. कारकून ठेवण्याची ऐपत सरलेली असल्यामुळे वसुलीस ते जातीने निघत. पण डोक्यावर पगडी व खांद्यावर जरीकाठी उपरणे असता तोंडाने ‘भाडे’ हा शब्द उच्चारणे त्यांना केवळ अशक्य! दारात उभे राहून ते खाकरत, मुलाच्या परीक्षेची चौकशी करीत, आणि आढ्याकडे पाहत ‘ते आमचे जरा...’ एवढ्यावर येऊन थांबत.

“सरदारसाहेब, आपण कशाला तसदी घेतलीत? निरोप धाडला असता, तर मीच हजर झालो असतो,” असे आतून कोणी म्हटले, की स्वारी चहा घेऊन रिक्तहस्ते, परंतु परम संतुष्ट चित्ताने माघारी फिरे. माझ्या पाहण्यात असे आले की, ज्याच्याकडे बाकी अधिक त्याच्या मुखी ‘सरदारसाहेब’ अधिक. पहिल्या तारखेस रोख पैसे मोजणारा गवळी त्यांना सरळ ‘अहो मालक’ म्हणे, आणि त्याच्या उद्धटपणाबद्दल सरदारसाहेबांची कायम तक्रार असे.

गणेशोत्सवाच्या पोरांनी तर ही नाडी अचूक ओळखली होती. वर्गणीच्या पावतीवर आधी ‘श्रीमंत सरदार’ लिहून मगच ती पुढे धरीत. त्या दोन शब्दांपुढे सव्वा रुपया घालणे शोभेना. तेव्हा सरदारसाहेबांनी अकरा रुपये फर्मावले, आणि सहा महिन्यांचे भाडे थकविणाऱ्या भाडेकरूकडून ते हातउसने आणले. त्याने ते अदबीने दिले, आणि तारखेनिशी टिपून ठेवले.