बोलणी खात जग बघावं

प्रवासवर्णनात डोंगर उत्तुंग असतात, नद्या संथ असतात आणि यजमान हटकून प्रेमळ निघतात. पैसे मोजणाऱ्या पाहुण्याला कोण कशाला बोलेल? कॉलेजच्या विद्यार्थ्याची गोष्ट वेगळी. त्याचा खिसा रिकामा असतो, हात मोकळे असतात आणि गेलेल्या गावी राहून काहीतरी काम करणं त्याच्या नशिबी असतं. साहजिकच त्याला बोलणी बसतात. माझं म्हणणं असं, की मुलूख कळायचा तर तिथली प्रेक्षणीय स्थळं पाहून भागत नाही, तिथल्या माणसांची बोलणी खावी लागतात. आणि या कामी विद्यार्थ्याइतका लायक प्रवासी दुसरा नाही.

पुरावा घराजवळचाच घेऊ. राष्ट्रीय सेवा योजना 24 सप्टेंबर 1969 रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, 37 विद्यापीठांमधल्या सुमारे 40,000 विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली. वर्षाला 120 तास काम आणि शिवाय सात दिवसांचं निवासी शिबिर, असा हा एनएसएसचा मामला. मुक्काम बहुधा जिल्हा परिषदेच्या शाळेत, सतरंजीवर. पहाटे प्रभातफेरी निघते आणि ‘जागे व्हा’च्या घोषणा देत फिरणाऱ्या या जांभया गाव गोठ्यातून कौतुकाने बघतं, त्याच्या धारा केव्हाच काढून झालेल्या असतात. मग श्रमदान. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरायची, तोंडं शिवायची आणि ओढ्यात आडवी रचून वनराई बंधारा घालायचा. पहिल्याच पोत्याला काठावरची आजी म्हणते, “आरं, कुदळ हाय ती, प्यान न्हाई!” दुपारच्या बौद्धिकात पाहुणे वक्ते ग्रामीण भागापुढच्या समस्या सांगतात, तेव्हा त्यांतली एक मागच्या रांगेत घोरत असते. गाव समजतं ते आजीकडून. पाणी कुठून फुटतं आणि कोणाच्या शेतात शिरतं, हे ती पुढच्याच फटकाऱ्यात सांगून मोकळी होते.

आता हाच विद्यार्थी पुण्याहून जर्मनीला गेला असं धरू. 2024च्या सप्टेंबरपासून व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो आधीच खात्यात अडकवून दाखवावे लागतात. म्हणजे आपण उपाशी राहणार नाही, याची हमी पोट तिथे पोहोचण्याआधीच द्यायची. तिथे गेल्यावर मात्र राजवाडे पाहून काहीच कळत नाही. रविवारी काचेच्या बाटल्या टाकायला गेला, की शेजारच्या आजीबाई खिडकीतून सांगतात, आज खळखळाट चालणार नाही. सोमवारी गेला तर पांढरी, हिरवी, तपकिरी काच वेगळी करायला लावतात. आणि निळी बाटली हिरव्यात जाते, हे ज्ञान तर कुठल्याच एमएसच्या अभ्यासक्रमात नाही. मध्यरात्री रिकाम्या रस्त्यावर लाल दिवा असताना ओलांडायला निघाला, तरी खोकून निषेध करणारा एखादा सज्जन पलीकडे उभा असतोच. याहून पुढचा वर्ग ‘टाफेल’मध्ये भरतो. दुकानांत उरलेलं चांगलं अन्न गोळा करून गरजूंना वाटण्याचं हे काम 1993 साली बर्लिनमध्ये सुरू झालं आणि ते मोठ्या प्रमाणात स्वयंसेवकांवर चालतं. तिथे बटाटे निवडताना एखादे निवृत्त आजोबा बटाट्याची आणि व्याकरणाची चूक एकाच दमात काढतात. पुण्यात पैसे भरून शिकलेली डेटिव्ह विभक्ती पक्की होते ती इथे, फुकटात.

यावर कोणी म्हणेल, शिबिराला मुलं जातात ती गुणांसाठी, मग कसली सेवा आणि कसला प्रवास? कबूल. पण कुदळीने तळहाताला आलेला फोड हेतू विचारून येत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सात दिवसांत गावाचं काय भलं होतं? बंधाऱ्याचं काम जेसीबी तासाभरात आटपेल. आटपेल खरंच, पण जेसीबीला आजी बोलत नाही आणि बोलली तरी तो सुधारत नाही. तिसऱ्या आक्षेपावर मात्र विनोद पुरत नाही. परक्या देशात बोलणारा प्रत्येक जण शिकवायलाच बोलतो असं नाही. कातडीचा रंग पाहून बोलणारेही असतात. दोन्हींतला फरक ओळखू येतो. एक सांगतो, ‘इथे असं करतात’. दुसरा सांगतो, ‘इथून जा’. पहिल्याने आपल्याला गावात धरलेलं असतं, म्हणून त्याचं ऐकावं. दुसऱ्याचं ऐकून घेण्याचं कारण नाही.

तेव्हा परदेशी निघालेल्यांच्या याद्यांत कुकर आणि मेतकुटाबरोबर एनएसएसचे सात दिवसही असावेत. बोलणी खाण्याची तालीम इतक्या स्वस्तात दुसरीकडे होत नाही. शिक्षण पुरं झाल्याची खूणही सोपी आहे. सुट्टीत घरी आलेला मुलगा ओल्या कचऱ्यात दुधाची पिशवी पाहून आईवर डाफरला, की जर्मनी त्याला कळली म्हणायचं. मग आईने “इतकं कळतं तर आजपासून कचरा तूच बघ” असं म्हटलं, की पुणंही कळायला लागतं.