थिबा महाराजांस एका हडपसरकराचे अनावृत पत्र

श्रीमन्महाराज थिबा, माजी ब्रह्मदेशाधिपती, हल्ली मुक्काम समाधी, रत्नागिरी, यांचे सेवेसी—

मौजे हडपसर, तालुका हवेली, जिल्हा पुणे येथून एका पगारदार इसमाचा साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

महाराजांनी 1916 च्या डिसेंबरात इहलोकीचा मुक्काम हलविला असल्याने आपली नि आमची भेट होण्याचा योग नव्हता. तथापि निवांतपणा या विषयात ज्याचा सल्ला घ्यावा, असा आपणांइतका अधिकारी पुरुष आम्हांस दुसरा आढळला नाही. ज्यास सरकारने समुद्रकाठच्या निवांतपणाची शिक्षा फर्मावली, ज्याने ती तीस वर्षे सरकारी तैनातीवर आणि सावकारांच्या तगाद्यात भोगली, आणि ज्याची मायदेशी परत पाठविण्याविषयीची एकही विनंती मान्य झाली नाही, त्याच्यापुढे आम्ही आमचा एका दिवसाचा हिशेब ठेवीत आहो.

हडपसर महाराजांच्या ऐकण्यात नसावे. ते सोलापूर रस्त्यालगत आहे असे नकाशा म्हणतो. वस्तुतः ते सोलापूर रस्त्यावरच आहे, आणि गाडीतळावरून निघालेला मनुष्य मगरपट्ट्यास पोहोचेपर्यंत ऋतू पालटला तरी येथे कोणी आश्चर्य मानीत नाही. ज्याचे अर्धे आयुष्य उभ्या वाहनात जाते त्याने त्या वाहनात बिछाना, शेगडी आणि मोरी यांची तजवीज करून ठेवावी, हे ओघानेच आले. राज्य सरकारलाही हा विचार पटला असावा. कारण 2021 साली त्याने कॅरॅव्हान पर्यटनाचे स्वतंत्र धोरणच जाहीर केले. तेव्हा धोरणाचा मान राखावा या सद्बुद्धीने आम्ही भाड्याने एक कॅरॅव्हान घेतली, तीत सहकुटुंब चढलो, आणि कराड, मलकापूर करीत आंबा घाट उतरून, हातखंब्याच्या तिठ्यावर डावीकडे वळून, आपल्या नगरीस येऊन दाखल झालो.

या वाहनाची रचना महाराजांनी एकवार पाहावयास हवी होती. दिवसा जे बाक असते तेच रात्री पलंग होते. पलंगाखाली डाळतांदळाचे डबे असतात. डबे काढावयाचे तर पलंग मोडावा लागतो, आणि पलंग मोडावयाचा तर त्यावर निजलेल्या आमच्या तीर्थरूपांस उठवावे लागते. पाण्याची टाकी चहापुरती भरली आहे की अंघोळीपुरती, हे पाहण्यास एक काटा असतो आणि तो खरे सांगत नाही. थोडक्यात, घर सोडून जाण्याचे सर्व श्रम आणि घरात राहण्याच्या सर्व विवंचना एकाच भाड्यात मिळण्याची सोय या यंत्रात केलेली आहे.

रत्नागिरीतील आमचा दिवस निवांतपणे घालविण्याचा निश्चय असल्यामुळे पहाटे पाचास गजर लावला होता. रत्नदुर्गावर भगवतीच्या देवळात गेलो. किल्ल्याच्या तिन्ही बाजूंस सागर पसरला होता, एका अंगास मिऱ्याकडील पांढरी वाळू नि दुसऱ्या अंगास मांडवीची काळी, आणि या द्विवर्ण शोभेचे चिंतन आम्ही करणार, तोच चालकाचा निरोप आला की गाडी वळणावर अडली असून मागे तीन रिक्षा नि एक टेम्पो खोळंबला आहे. मांडवीच्या जुन्या गल्ल्यांत माडांच्या झावळ्या आणि विजेच्या तारा अशा काही उंचीवर आहेत, की आमचे घर त्यांखालून जाईल किंवा न जाईल, हे निश्चयाने सांगणे कोणासही शक्य नव्हते. सबब हडपसरकर कुटुंबाने त्या सागरतीरी मुख्यत्वे गाडीच्या टपाचे निरीक्षण केले.

दुपार कलल्यावर मिरकरवाड्याच्या बंदरात आलो. होड्या धक्क्यास लागत होत्या, सुरमई आणि बांगड्याच्या टोपल्या बर्फासह जमिनीवर ओतल्या जात होत्या, आणि लिलाव पुकारणारा असामी ज्या वेगाने आकडे उच्चारीत होता तो ऐकून, बोली कोणी लावली नि माल कोणास गेला, हे आम्हांस अखेरपर्यंत उमगले नाही. एका मासळीवालीने सुरमईवरील बर्फ हाताने सारला, मग आमच्या गाडीकडे, तीतून डोकावणाऱ्या आमच्या मंडळींकडे आणि खिडकीवर वाळत घातलेल्या पंच्याकडे क्रमाने पाहिले, आणि कळवळ्याने विचारले, “घरदार नाय काय वो तुमाला?” महाराज, हडपसरात आमची तीन खोल्यांची सदनिका असून तिचे हप्ते अद्याप फिटावयाचे आहेत, ही हकीकत आम्ही निवेदन केली, परंतु तिची खात्री पटली नाही, आणि तिने सुरमईचा भाव पाच-पंचवीस रुपयांनी उतरविला.

अखेर आपल्या राजवाड्यात आलो. 1910 साली बांधून झालेली ती वास्तू, तिच्या अर्धवर्तुळाकार कमानींच्या खिडक्या आणि ब्रह्मदेशी सागवान पाहून आपली मूर्ती डोळ्यांपुढे उभी राहिली. खाली भाट्याची खाडी सागरास मिळते. तेथवर दृष्टी जावी आणि पाऊल मात्र परवान्यावाचून न जावे, अशी ती योजना होती. कैद्यांची ठिकाणे निवडण्यात इंग्रज सरकारची रसिकता वादातीत होती. दिल्लीच्या बहादुरशहास त्याने रंगूनला धाडले, मंडालेच्या राजास रत्नागिरीस आणले, आणि रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांस 1908 साली मंडालेच्या तुरुंगात ठेवले; म्हणजे सहा वर्षे रत्नागिरीचा पुरुष आपल्या राजधानीत आणि आपण त्यांच्या जन्मगावी, अशी ही सरकारी अदलाबदल चालली होती. पुढे 1924 पासून सावरकरांसही याच जिल्ह्यात स्थानबद्ध केले गेले. टिळकांनी त्या सक्तीच्या सवडीत ‘गीतारहस्य’ लिहिले. सावरकरांच्या वास्तव्यात, भागोजीशेठ कीरांच्या द्रव्यबळावर, 1931 साली पतितपावन मंदिर उभे राहिले. आणि आम्ही, कोणाचीही सक्ती नसताना, स्वखर्चाने मिळविलेल्या सवडीत, गाडीची बॅटरी किती टक्के उरली आहे ते अकरा वेळा पाहिले.

याचे कारण शोधता शोधता आम्ही आपल्या प्रवासाकडे आलो. 1885 च्या नोव्हेंबरात मंडाले पडले, तेव्हा आपणांस राजवाड्यातून इरावतीच्या धक्क्यापर्यंत बैलगाडीतून नेले, आणि मद्रासमार्गे 1886 च्या एप्रिलात रत्नागिरीस उतरविले. महाराजांच्या दुर्दैवाची थट्टा करण्याचा उद्देश नाही. ज्याचे राज्य गेले, ज्याच्या कन्या परक्या मुलुखात वाढल्या, त्याच्या एकांताचा हेवा करणे हा अविवेक होय. परंतु एवढे खरे, की आपणांस उतरवून गाडी परत गेली आणि जहाजही परत गेले. पूर्वी मुंबईची आगबोट बंदराबाहेर नांगर टाकून उतारूंस पडावात सोडी आणि निघून जाई. पुढची बोट येईपर्यंत त्या मनुष्यास गावाशी संसार करण्यावाचून गत्यंतर नसे. आषाढात ज्ञानोबांची पालखी हडपसराहून दिवे घाटाकडे आणि तुकोबांची लोणी काळभोराकडे वळते, तेव्हाही आम्ही पाहतो की दिंडीच्या ट्रकात सामान असते आणि माणूस पायी असतो. आमचे वाहन मात्र सामानासह आम्हांसही पोटात घेऊन सदैव दाराशी उभे असते. ते निघावयास सिद्ध असल्यामुळे आम्ही कोठेही पोहोचत नाही. आपणांस जाण्याची बंदी होती. आम्हांस राहण्याची मुभा असूनही राहता येत नाही. या दोहोंत अधिक सक्त कैद कोणती, याचा निवाडा महाराजांनीच करावा.

सबब अर्जदाराची नम्र दरखास्त अशी की, त्यास रत्नागिरी मुक्कामी नजरकैदेत ठेवण्याविषयी महाराजांनी वरिष्ठ दप्तरी शिफारस करावी. अटी अर्जदार स्वतःच सुचवितो: वाहन प्रथमदिनी सरकारजमा व्हावे, मोबाइल पंचनामा करून लाखबंद ठेवावा, खाडीच्या दिशेने एक खुर्ची सरकारी खर्चाने मिळावी, आणि अर्जदार जिल्ह्याची हद्द ओलांडताना आढळल्यास त्यास हडपसरला परत पाठविण्याची जबर धमकी द्यावी. चांगल्या वर्तणुकीचा मुचलका लिहून देण्यास तो राजी आहे. मात्र शिक्षा शनिवार-रविवारला जोडून एखादी सुटी पाहून फर्मावण्यात यावी आणि मंगळवारी दहाच्या आत मुक्तता व्हावी, कारण अर्जदाराची रजा शिल्लक नाही.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
एक हडपसरकर